बारा नंबरचा उतार

तेंडोलकरबाई भेटल्या की "कसा आहेस?" असं कधी विचारत नसत. "पोट आत!" म्हणत. लिफ्टच्या दारात, भाजीवाल्यापाशी, एकदा तर माझ्या मेव्हणीच्या लग्नात मी स्टेजवर फोटोसाठी उभा असताना, खालून, सगळ्या व्याह्यांदेखत. मी पोट आत घेत असे, त्या समाधानाने मान हलवत आणि पुढे जात. त्या वळल्या की पोट पुन्हा आपल्या जागी येई. मुलुंड पूर्वेच्या आमच्या सोसायटीत हा कार्यक्रम कित्येक वर्षं चालला आणि त्यात माझं पोट तसूभरही कमी झालं नाही.

बाई एका शाळेत पीटी शिकवायच्या. नोकरी सुटली, पण शिट्टी सुटली नाही. काळ्या दोरीतली ती शिट्टी त्यांच्या गळ्यात मंगळसूत्राच्या शेजारीच लटकत असायची. दूधवाला उशिरा आला, शिट्टी. कुणी स्कूटर आडवी लावली, शिट्टी. वॉचमनची डुलकी लागली, दोन शिट्ट्या. आणि या सगळ्याची तक्रार यायची माझ्याकडे, कारण मी सोसायटीचा सेक्रेटरी. माझी निवड झाली त्या मीटिंगला मी नको म्हणायला हजर नव्हतो, एवढीच माझी पात्रता. तक्रार घेऊन मी पहिल्या मजल्यावर त्यांच्या दाराशी जायचो, बाई दार उघडून "पोट आत!" म्हणायच्या आणि मी कशासाठी आलो होतो तेच विसरून जायचो.

वाकडं दिसलं की या बाईंना चैन पडत नसे. कुणाच्याही घरी गेल्या की आधी भिंतीवरचं कॅलेंडर सरळ करणार, मग बसणार. आमच्या मजल्यावरचे गोखले आजोबा वारले तेव्हा बाई भेटायला आल्या. सगळे खाली माना घालून बसलेले. बाईंनी आधी आजोबांच्या फोटोचा उजवा कोपरा बोटाने जरासा वर केला, दोन पावलं मागे सरून पाहिलं, आणि मग आजींच्या गळ्यात पडून रडल्या. खोटं रडल्या नाहीत. पण वाकड्या फोटोसमोर त्यांना रडूच आलं नसतं.

त्यांचे यजमान अगदी उलट. तेंडोलकर म्हणजे मऊ माणूस. गोदीजवळच्या एका ऑफिसात नोकरी, बोलणं कमी, आणि आवड एकच: दर रविवारी थर्मास घेऊन मनोरीला जायचं आणि सुरूच्या झाडाखाली दुपारची झोप काढायची. पाण्यात पाय बुडवायचे नाहीत, शंख वेचायचे नाहीत, नुसतं झोपायचं. बाई तेवढ्या वेळात अख्खा किनारा या टोकापासून त्या टोकापर्यंत चालून यायच्या. "एवढा लांब समुद्रावर येऊन हा माणूस डोळे मिटून घेतो," असं त्या कौतुकाने सांगत. त्यावर तेंडोलकर म्हणत, "आवाज ऐकूक येता ना."

मग त्यांना अर्धांगाचा झटका आला. जीव वाचला, पण डावी बाजू गेली. धरून धरून चार पावलं टाकता यायची, बोलणं अडखळायचं. खरी अडचण झोपण्याची होती. अंथरूण जरा जरी कललेलं असलं की ते डाव्या अंगावर घरंगळायचे आणि एकदा तसे पडले की आपले आपण परत सरळ व्हायची ताकद नव्हती. नात्यातल्या एका लग्नाला गेले असताना हॉलवरच्या मऊ गादीवर नेमकं तेच झालं. तोंड उशीत, घुसमट, आणि मग चार अनोळखी माणसांनी उचलून बसवलं. त्या दिवसानंतर तेंडोलकरांनी घराबाहेर पडणं बंद केलं. पहिल्या मजल्याच्या गॅलरीत खुर्ची टाकून ते खालचं पार्किंग बघत बसत. मी खालून हात केला की चांगला हात वर करत. हसत मात्र नसत.

बाईंनी त्यांना फार समजावलं नाही. समजावणं हा त्यांचा प्रांतच नव्हता. एक दिवस गेटमधून पिवळी मिनीबस आत आली, आणि ड्रायव्हरच्या जागी बाई. त्यांच्या शाळेच्या मुलांना ने-आण करणारी ती बस मोडीत निघाली होती, बाईंनी घेतली.

"सेक्रेटरी, हे घर आहे," त्या खाली उतरून म्हणाल्या. "आत पलंग बसवणार, ओटा बसवणार, बाथरूम करणार. रीतसर परवानगी काढणार आहे, तू तोंड उघडू नकोस. यांना कुणाच्या घरी जायची लाज वाटते ना? मग आपलंच घर घेऊन जायचं. मनोरीला."

"ते येतो म्हणाले?"

"एकदा म्हणाले."

ते खरं काय म्हणाले ते मी स्वतः ऐकलं, कारण मला साक्षीदार म्हणून वर नेण्यात आलं. तेंडोलकर शब्द जुळवत जुळवत म्हणाले, "एकदा बघुया. पण थय जर मी घरंगळलंय... तर परत इचारूचा नाय. कधीच नाय." बाई म्हणाल्या, "नाय इचारूचंय." सरळ उभ्या राहून म्हणाल्या, प्रतिज्ञा म्हणतात तशा.

म्हणजे सगळा मामला एका दुपारच्या झोपेवर येऊन ठेपला होता.

आता बारा नंबरबद्दल सांगायला हवं. आमच्या पार्किंगमधली ही कोपऱ्यातली जागा, कंपाउंडच्या भिंतीलगत. भिंतीशी गटार आणि पावसाचं पाणी तिकडे जावं म्हणून बिल्डरने त्या जागेला चांगला दणदणीत ढाळ दिलेला. बिल्डिंगमधल्या मुलांचा कुठलाही चेंडू शेवटी बारा नंबरमधून गटारात जाई. कुणालाच ही जागा नको होती, म्हणून ती तेंडोलकरांच्या नावावर होती. तिथे बस उभी राहिली आणि सुतार कामाला लागला.

बाई गवंड्याकडची पाणसळ घेऊन आल्या. पाणसळ म्हणजे ती पट्टी, जिच्यातल्या काचेच्या नळीत बुडबुडा असतो. बुडबुडा मधोमध आला की जागा समतल. पलंगाचा एकेक पाय बसवताना बाई पाणसळ ठेवून खाली वाकून बघत. सुतार म्हणाला, "मॅडम, गाडी के फर्श के हिसाब से लगा दूं?"

"फर्श गया खड्डे में. बुडबुडा क्या बोलता है वो देख."

भिंतीच्या बाजूला जमीन खाली जात होती, म्हणून त्या बाजूचे पाय उंच झाले. ओट्याचंही तेच. मी तिथेच चहाचा कप घेऊन उभा होतो. पलंगावर पाणसळ ठेवली, बुडबुडा मधोमध. बाईंनी शिट्टी वाजवली. गॅलरीतून तेंडोलकर बघत होते. मीही "झकास!" म्हणालो. त्या क्षणी तिथल्या एकाही शहाण्याच्या डोक्यात जी गोष्ट आली नाही, ती पुढे मनोरीला कळायची होती.

तेंडोलकरांना उचलायला म्हणून मला बरोबर नेलं होतं. घोडबंदरवरून भाईंदर, उत्तन, गोराई करत आम्ही पोचलो. बाईंची एक जुनी विद्यार्थिनी मनोरीला राहायची, तिच्या घरामागे समुद्राच्या अंगाला मासळी वाळवण्यासाठी केलेलं सिमेंटचं अंगण होतं. बाईंनी तेच मुद्दाम हेरून ठेवलेलं. गाडी लावायच्या आधी त्यांनी चारी कोपऱ्यांत जमिनीवर पाणसळ ठेवून पाहिली. कॅरमबोर्डासारखं सपाट. "इथे चेंडू ठेव," त्या म्हणाल्या, "हलला तर नाव बदलीन."

तेंडोलकरांना आम्ही पलंगावर झोपवलं. खिडकीतून पाणी दिसत होतं. त्यांनी ते बघितलं आणि डोळे मिटले, अगदी पूर्वीसारखे. बाई गॅस पेटवून घावनं घालायला लागल्या. तांदळाचं पातळ पीठ तव्यावर पडलं आणि गोल पसरण्याऐवजी सगळं ड्रायव्हरच्या बाजूला पळालं. घावन कसलं, कोकणचा नकाशा झाला.

"पीठ पातळ झालं वाटतं," बाई म्हणाल्या.

दुसरंही पळालं. मी तेही खाल्लं. तिसरं घालत असताना ठक ठक असा आवाज आला. आम्ही वळून बघितलं. ड्रायव्हरच्या बाजूच्या भिंतीला पलंग होता, आणि तेंडोलकर त्या भिंतीवर जाऊन चिकटले होते. डावं अंग खाली, गाल प्लायवूडवर दाबलेला, आणि उजव्या हाताने ते भिंतीवर ठोकत होते. ओरडता येत नव्हतं म्हणून ठोकत होते.

आम्ही त्यांना बसवलं. लागलं काही नव्हतं. बाईंनी त्यांचा चेहरा पुसला. त्यांनी एवढंच म्हटलं, "घराक." परतीच्या वाटेवर घोडबंदरच्या ट्रॅफिकमध्ये एक रिक्षावाला समोर आडवा घुसला, तरी शिट्टी वाजली नाही. मला फार वाईट वाटलं, आणि ते कुणासाठी जास्त हे अजून ठरवता येत नाही.

पुढचे काही दिवस सोसायटीत अशी शांतता होती की ज्यांनी शिट्टीविरुद्ध तक्रारी केल्या होत्या, तेच मला विचारायला लागले, बाई बऱ्या आहेत ना? बाईंनी मला "पोट आत" म्हटलं नाही. त्यांनी तेंडोलकरांना परत विचारलं नाही. शब्द दिलेला. खाली बारा नंबरमध्ये बस उभी होती आणि वर गॅलरीत तेंडोलकर तिच्याकडे बघणं टाळून दुसरीकडे बघत होते.

मग एका रविवारी सकाळी शिट्टी वाजली. साधी नाही, शाळेत आग लागल्यावर वाजवतील तशी, थांबेचना. अख्खी बिल्डिंग गॅलऱ्यांत आली. बाई बसच्या दारात उभ्या, हातात उलथनं.

"सेक्रेटरी! खाली ये! घावन गोल आलं!"

मी बनियनवर धावलो. झालं होतं असं की फ्रीजमध्ये पीठ उरलं होतं, वरचा गॅस संपला होता, म्हणून बाई बसमध्ये घावनं घालायला गेल्या होत्या. आणि तव्यावर घावन पूर्ण चंद्रासारखं गोल. दुसरंही गोल. पीठ तसलंच, तवा तोच, मनोरीला वाकडं आणि इथे गोल.

"हे बघ," म्हणून त्यांनी एक लिंबू बसच्या जमिनीवर ठेवलं. ते गडगडत गटाराच्या बाजूला गेलं. तेच लिंबू पलंगावर ठेवलं. जागचं हललं नाही.

माझ्या डोक्यात प्रकाश पडला तो असा. गाडी उभी होती उतारावर आणि आम्ही आतला पलंग पाणसळीने सरळ केला होता. म्हणजे तो पलंग फक्त बारा नंबरमध्ये सरळ होता. जगात दुसऱ्या कुठल्याही सपाट जमिनीवर तो वाकडाच असणार होता. जेवढी जागा सपाट, तेवढी आमची वाट लागलेली.

"बाई, सुताराला बोलवून पाय कापून घेऊ."

"तो गावाला गेला, भात लावून झाल्यावर येईल. आणि कशाला कापायचे?" बाईंचे डोळे चमकत होते. "इथे पलंग सरळ आहे ना? मग हा उतारच बरोबर न्यायचा."

मीटरच्या खोलीत गच्चीचा जुना सागवानी दरवाजा पडून होता. तो कापून बाईंनी जाड फळ्या करून घेतल्या. सोसायटीची मालमत्ता होती, ठराव वगैरे व्हायला हवा होता, पण मी सेक्रेटरी असूनही दुसरीकडे बघितलं. ड्रायव्हरच्या बाजूची चाकं या फळ्यांवर चढवायची, म्हणजे गाडी बारा नंबरमध्ये गटाराकडे कलते तशीच, ड्रायव्हरच्या विरुद्ध अंगाला कलणार आणि आतला पलंग सरळ होणार. किती फळ्या लागतील हे पाणसळ नाही, घावन सांगणार. पाणसळीवर बाईंचा राग होता. खरं तर त्या बिचारीची काही चूक नव्हती.

राहिला प्रश्न तेंडोलकरांचा. बाई शब्द मोडणाऱ्यातल्या नव्हत्या. त्यांनी मनोरीचं नावही काढलं नाही. फक्त दुपारी जेवणं झाल्यावर म्हणाल्या, "अवो, वर उकडता. खाली बशीत पडा जरा." आम्ही त्यांना खाली आणलं. ते आधी पलंगाकडे संशयाने बघत राहिले, मग आडवे झाले आणि छान झोपले. दुसऱ्या दिवशीही. आठवडाभर ते बारा नंबरमध्ये, गटाराच्या वासात, सरळ पाठीवर घोरत होते. शेवटी एका दुपारी उठून बसताना ते स्वतःच म्हणाले, "गाडी हयच बरी गो. समुद्र तेवढो हय हाड." म्हणजे समुद्रच तेवढा इथे आण.

"समुद्र येऊचो नाय," बाई म्हणाल्या. "बारा नंबर थय येयत."

त्यांनी बाईंकडे बघितलं. मग हसले. आजारपणानंतर मी त्यांना पहिल्यांदा हसताना पाहिलं. तोंड एका बाजूलाच हसलं आणि बाईंनी ते सरळ करायचा प्रयत्न केला नाही.

दुसऱ्या वेळी मनोरीच्या त्याच अंगणात मी जमिनीवर उकिडवा बसून फळ्या सरकवत होतो आणि आतून हुकूम येत होते. "पहिलं घावन! पळालं. फळी टाक!" मग बाई स्टिअरिंगवर बसून आधी इशारा देत, एक शिट्टी म्हणजे गाडी पुढे, दोन म्हणजे मागे. "दुसरं! अजून पळतंय!" पळालेलं प्रत्येक घावन खिडकीतून माझ्या हातात येत होतं, वाया घालवायचं नाही म्हणून. चौथं गोल आलं. बाईंनी तवाच उचलून खिडकीतून दाखवला. तेंडोलकर झोपले ते उन्हं कलेपर्यंत. मी आणि बाई बाहेर पायरीवर बसून होतो, ठक ठक येते का ऐकत. आली नाही. बाईंनी त्या दिवशी किनाऱ्यावर एक पाऊलही टाकलं नाही. उठल्यावर तेंडोलकरांनी खिडकीतून बघितलं आणि विचारलं, "भरती इली?" बाई "इली" म्हणाल्या आणि तोंड फिरवून पदराने डोळे पुसले.

त्यानंतर ती दोघं जी फिरली! मनोरी तर नेहमीचीच. मग केळवे, मग हरिहरेश्वर, मग पार मालवणपर्यंत. मला फोनवर फोटो येत. फोटोत ना देऊळ, ना समुद्र, नुसता तवा आणि त्यावर गोल घावन. खाली गावाचं नाव. मी ओळखायचं, पोचले आणि साहेब झोपले.

मध्ये एकदा सोसायटीने पार्किंगला नवीन फरशा बसवून सगळी जमीन एकसारखी करायचं काढलं. बाई मीटिंगमध्ये उभ्या राहिल्या. "बारा नंबरला हात लावायचा नाही. माझं मूळ माप तिथे आहे." लोकांना वाटलं, बाईंना वयाने काहीतरी व्हायला लागलं. मी तेवढं इतिवृत्तात लिहिलं, 'बारा नंबर वगळून'.

तेंडोलकर गेले ते घरीच, दुपारच्या झोपेत. मी वर गेलो तेव्हा ते सरळ पाठीवर होते. बाई शेजारी बसलेल्या. गळ्यात शिट्टी नव्हती, ती त्यांनी मुठीत धरली होती.

त्याच वर्षी बिल्डिंग पाडायची ठरली. नवीन टॉवर येणार. बिल्डरकडचा एक हसरा पोरगा आम्हाला नकाशे दाखवत होता. लोक खोल्यांची मापं विचारत होते. बाईंनी विचारलं, "पार्किंगला उतार किती?"

"उतार? मॅडम, एकदम फ्लॅट. एक इंचाचाही फरक मिळणार नाही तुम्हाला."

बाई "बरं" म्हणाल्या आणि सही करून निघून आल्या. आम्ही सगळे भाड्याच्या घरांत पांगलो. मी कांजूरमार्गला, बाई बोरिवलीला बहिणीकडे. बिल्डिंग पडली तेव्हा मी बघायला गेलो होतो. बारा नंबरवर विटांचा ढीग होता.

पुढे एकदा बाईंचा फोन आला. "मनोरीला आहे. घावन खायला ये." मी मार्व्याहून होडीने पलीकडे गेलो. तेच अंगण, तीच पिवळी बस. बाई दारात उभ्या. जरा वाळल्या होत्या, पण ताठ. "पोट आत!" त्या म्हणाल्या. मला इतकं बरं वाटलं की मी ते खरंच बराच वेळ आत धरून ठेवलं.

आत त्यांनी तव्यावर पीठ ओतलं. ते ड्रायव्हरच्या बाजूला पळालं. मी बाहेर वाकून बघितलं. चारी चाकं सपाट सिमेंटवर होती आणि फळ्या टपावर दोरीने बांधलेल्या.

"बाई, फळ्या राहिल्या. थांबा, मी लावतो." मी टपाच्या शिडीवर पाय ठेवला आणि मागून शिट्टी वाजली.

"उतर खाली. राहू दे वाकडं."

कॅलेंडरं सरळ करणाऱ्या बाई हे बोलत होत्या. त्यांनी ते वेडंवाकडं घावन माझ्या ताटलीत घातलं, वर ओल्या खोबऱ्याची चटणी वाढली, आणि दुसरं घालता घालता, माझ्याकडे न बघता म्हणाल्या,

"ते भिंतीकडे झोपायचे. मी अलीकडे. आता फळ्या नसल्या ना, की झोपेत मी आपोआप तिकडे सरकते. जाग येते तेव्हा त्यांच्या जागेवर असते." त्यांनी घावन उलटलं. "बरं वाटतं रे."

मी तिसरं घावन मागितलं.

जेवणं झाल्यावर त्या म्हणाल्या, "मी जरा पडते. तू होडी चुकवू नकोस." त्या पलंगाच्या अलीकडच्या कडेला, शिस्तीत, हात अंगालगत ठेवून झोपल्या. मी भांडी विसळली, गॅसची टाकी बंद केली. निघताना दार लोटण्याआधी एकदा आत बघितलं. बाई झोपेतच भिंतीला जाऊन टेकल्या होत्या, गाल प्लायवूडवर, शिट्टी उशीवर घरंगळलेली. खिडकीबाहेर भरती आली होती. पलंगाची अलीकडची बाजू रिकामी होती.